सव्वातीन तास

परसूने पहिला ठोसा मारला तेव्हा यशपाल एका बाईला पुण्याच्या बसमधली खिडकीची सीट दाखवत होता. दुसऱ्या ठोशाला त्याचं कपाळ काउंटरच्या काचेवर आपटलं, काच तडकली आणि बाई किंचाळत रस्त्यावर पळाली.

“किती तास म्हटलास? बोल की! किती तास?”

यशपालच्या तोंडात रक्त भरलं होतं. उत्तर त्याला पाठ होतं, पण सांगायची छाती नव्हती.

माणसाला कधीतरी ‘ठाऊक नाही’ म्हणता यावं. यशपालला ते जन्मात जमलं नाही. जुन्या हुबळीत यशपाल आणि परसू राहायचे त्या गल्लीत कुणाला कुठंही जायचं असलं, की कोप्पीकर रोडवर तिकिटांचं दुकान चालवणाऱ्या यशपालला विचारायचं अशी रीतच पडली होती. आणि या शहाण्याने स्वतः विमानात कधी पाय ठेवला नव्हता. दहा दिवसांपूर्वी परसूचा फोन आला तो पश्चिमेच्या समुद्रातल्या अगत्ती बेटावरून, तिथे तो बांधकामावर होता. धाकटा भाऊ पिंटू पार दुसऱ्या, पूर्वेच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरला, परांचीवरून पडून मेला होता. ठेकेदार तिथेच माती देऊन टाकू म्हणत होता. परसूने एवढंच विचारलं, “हितनं तिथं विमानानं किती लांब?”

यशपालने दोन्ही विमानतळांची नावं कॉम्प्युटरवर टाकली. पडद्यावर आलं, दोन हजार दोनशे पंचेचाळीस किलोमीटर, सव्वातीन तास. ते नुसतं सरळ रेषेचं गणित होतं. त्या रेषेवरून एकही विमान उडत नाही, हे कळायला तिकीट आहे का एवढं बघायला हवं होतं. याने ते बघितलंच नाही. वर छाती फुगवून म्हणाला, “सव्वातीन तास, अण्णा. दिवस मावळायच्या आत पोचताय.”

परसूने लगेच ठेकेदाराला बजावलं, मी तोंड बघितल्याशिवाय माती टाकायची नाही. सख्ख्या भावाचा शब्द, तो कोण मोडणार? सगळे थांबले. परसू अगत्तीहून कोचीला, कोचीहून चेन्नईला धडपडत, जिथे जागा मिळेल तिथे घुसत, तिसऱ्या दिवशी दुपारी पोर्ट ब्लेअरला पोचला. हुबळीत परतल्यावर आज तो यशपालच्या दुकानात शिरला होता.

“अण्णा, चुकलं माझं,” यशपाल पुटपुटला.

परसूने त्याला गचांडी धरून काउंटरवरून ओढलं आणि फरशीवर आदळलं. मग लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव गुडघ्यावर बसला, दुसरा डोकं झाकलेल्या हातांवर. बोट मोडल्याचा आवाज यशपालने स्वतः ऐकला. दाराशी माणसं जमली होती, पण परसूचा अवतार बघून कुणी पायरी चढेना.

चढली ती दुर्गव्वा, परसूची आई. लेकाबरोबरच ती घरातून निघाली होती, रस्ता ओलांडताना मागे राहिली होती. तिने परसूचा दंड दोन्ही हातांनी धरला, तसं स्टूल निसटून खाली पडलं.

“सोड रे त्याला, मरंल! लहानपणापासनं आपल्या दारात खेळलंय ते. चुकलं त्याचं. पर तू पोचलास की. तोंड बघितलास की पिंटूचं. झोपल्यागत दिसत होता म्हणून तूच सांगितलास मला.”

“कुठलं तोंड, अव्वा!” परसू ओरडला. “बर्फ संपला होता. तीन दिवस ठेवले त्याला, माझ्या शब्दासाठी! जवळ जाऊ देईनात मला. तोंडच राहिलं नव्हतं त्याला. हातावरच्या गोंदणावरनं ओळखलो मी!”

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण कुणासमोर बोललो ते. तो भिंतीला टेकला आणि ढसाढसा रडायला लागला.

दुर्गव्वाचा चेहरा पांढरा पडला. फरशीवरून यशपालने हात जोडले. “मावशी, मला खरंच वाटलं होतं...”

दुर्गव्वाने त्याच्याकडे बघितलं. मग ती वाकली, पडलेलं स्टूल उचललं आणि रडणाऱ्या लेकाच्या हातात दिलं.

“मार,” ती म्हणाली.

यशपालने जोडलेले हात खाली केले. या वेळी डोकं झाकलं नाही.