मेंढरं बसवायचं बोलावणं

अंजनाने चपला काढल्या, माळावर उकिडवी बसली आणि काडीने माती उकरायला लागली. वीतभर खाली रंग बदलला. वाऱ्याने येऊन बसलेली पांढरट माती सरली आणि काळसर, भुसभुशीत थर लागला. तिने चिमूटभर उचलून तळहातावर चुरली, नाकाजवळ नेली आणि एकदम भानावर येऊन हात झटकला. मागे पक्षकार उभा होता.

"काय निघालं वकीलबाई? मोहरांचा हंडा?"

"लेंड्या," ती म्हणाली. "मेंढरांच्या खताचा थर आहे हा. एका वर्षाचा नाही. सात-आठ वर्षं तरी कुणा मेंढक्याचा वाडा मेंढरांसकट इथं उतरत असणार."

"वास घेऊन वर्षं कळतात तुमाला?"

"थरावरून कळतात. वहिवाट कुणाची होती याचा पुरावा आहे हा. मेंढरं आपली आपण येऊन बसत नाहीत, रानाचा धनी बोलवतो तेव्हाच बसतात."

भारतराव तिच्याकडे बघतच राहिला. वकिलीच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर असतं, असं त्याला विचारायचं होतं. पण ती चपला घालून स्कूटीकडे निघालीसुद्धा. त्याची गाडी तिथेच सावलीत उभी होती. त्याने दार उघडण्याआधीच ती "नको" म्हणाली.

आष्टीच्या कोर्टात हा दावा नऊ महिन्यांपासून चालला होता. सोळा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात भारतरावाच्या वडिलांनी, सुंदररावांनी, हा अकरा एकर माळ गावच्या दूध संस्थेला जनावरांच्या छावणीसाठी दिला, तोही तोंडी. छावणी उठली. संस्थेचे अध्यक्ष आप्पाराव म्हणत, माळ तेव्हापासून आमच्याच वहिवाटीत आहे. भारतराव म्हणे, छावणीपुरता दिला होता, उठल्यावर आमच्याकडे परत आला. सुंदरराव वारले होते आणि संस्थेची ठरावाची वही वाळवीने खाल्ली होती. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं होतं. निकाल लागेपर्यंत त्या माळावर कुणी खुंटीसुद्धा ठोकायची नव्हती.

अंजनाला कोडं पडलं होतं ते वेगळंच. कडा गावाच्या पट्ट्यात साठ एकर बागायत, दोन पेट्रोल पंप, आष्टीत गाळे, आणि हा माणूस ह्या दगडगोट्यांसाठी भांडतो कशाला? तिने तीनदा विचारून पाहिलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न हाय." दुसऱ्यांदा म्हणाला, "आईची इच्छा." तिसऱ्यांदा नुसता हसला. तारखेला यायची गरज नाही असं सांगूनही तो दर तारखेला हजर असे. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली शेंगा सोलत बसे. तारीख पडली की बाकीचे पक्षकार कपाळावर हात मारत; हा बहाद्दर खिशातून डायरी काढून पुढची तारीख ठळक अक्षरात लिहून घेई.

बायको जाऊन त्याला सहा वर्षं झाली होती. एवढं ती जाणून होती, आणि कागदपत्रांत त्याची काहीच गरज नव्हती.

तिचे नियम पक्के होते. पक्षकाराचा चहा घ्यायचा नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, गाव विचारलं तर "बीडकडची" एवढंच सांगायचं. चार वर्षांपूर्वी बीडच्या एका शिकलेल्या घरातलं स्थळ आलं होतं. मुलगा तिला पसंत होता. ती मंडळी वडिलांना भेटायला वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर गेली, पण गाडीतून उतरलीच नाहीत. वडील कपबशी घेऊन उन्हात गाडीच्या काचेशी उभे राहिले. आतून एक हात आला, त्याने कप घेतला, दोन घोट घेऊन परत केला. अंजनाने त्याच दिवशी नकार कळवला. त्यानंतर तिने आपलं घर कुणाला दाखवलं नाही.

भारतराव तिला आवडत होता का? होता की! तारखेच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या साडीला दोनदा इस्त्री कोण करतं?

माळ पाहून झाल्यावर ती भारतरावाच्या आईकडे, केसरबाईंकडे जबाब टिपून घ्यायला गेली. म्हातारी सोप्यात गुडघे चोळत बसली होती.

"मेंढरं ना? बसायची की. धुळाजीचा वाडा यायचा. त्याची बायकू दगडाबाई, लई कामाची. एक पोरगी व्हती त्यांची, कोकरं राखायची. पानी मागाया यायची तर उंबऱ्याभाईरच हुबी ऱ्हायची."

अंजनाने लिहिता लिहिता विचारलं, "वाडा बोलवायचं कोण?"

"कोन म्हंजे? आमचं मालक. दर साली पंडितला धाडायचे. पंडित आमचा सालगडी."

पेन थांबलं. क्षणभरच. मग अंजनाने खाली मान घालून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

"सापडला की साक्षीदार!" भारतराव खुशीत म्हणाला. "आता ह्या धुळाजीला हुडकून काढतो. यादी कवा द्यायची?"

"गुरुवारी," अंजना म्हणाली आणि पाणीही न पिता निघाली.

पुढचे दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. पंडित तिला चांगला आठवत होता. सायकलवरून यायचा, बांधावर एक पाय टेकून ओरडायचा, "ए धुळ्या, मालकांनी मेंढरं बसवाया सांगितल्यात." तिचे वडील जागचे उठायचेसुद्धा नाहीत. त्यांच्यात रीत होती. खतासाठी रानात मेंढरं बसवायची तर रानाच्या धन्याने स्वतः यायचं, पायताण काढून घोंगडीवर बसायचं, बोलायचं. पाणी सगळ्यांनाच मिळतं. बोलावणं पटलं तरच चहा. सुंदररावांना ही रीत कधी कळली नाही; माणूस धाडला म्हणजे काम झालं, असंच त्या घरात सगळ्यांना वाटे. आप्पाराव मात्र चालत आले होते. घोंगडीवर बसून त्यांनी चहा प्याला, आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं माळाकडे वळली. एक नाही, आठ वर्षं. त्या खतावर संस्थेने दुभत्या जनावरांसाठी कडवळ केलं होतं. आप्पाराव सुंदररावांच्याच वतीने यायचे असं धरून तिने दावा घेतला होता; पंडित सुंदररावांचा गडी होता हे आता कळलं. वहिवाट संस्थेची होती.

आप्पारावांच्या वकिलाला मेंढरांचं सुचलेलंच नव्हतं. केसरबाईंची एकटीची साक्ष पुरली असती. गप्प बसली तर ती दावा जिंकत होती, तिचं घर झाकलेलं राहत होतं आणि हा माणूसही राहत होता. बोलली तर तिन्ही जात होती.

गुरुवारी ती लिंबाखाली गेली. तो शेंगांची पुडी सोडत होता.

"धुळाजींना साक्षीला बोलवू नका. आणि तुमच्या आईंनाही नको."

"कावून?"

"आईंना जे वाटतं ते खरं नाही. तुमचे वडील गडी धाडायचे, आप्पाराव स्वतः जायचे. मेंढरं आप्पारावांच्या शब्दावर बसली. धुळाजी शपथेवर हेच सांगतील."

"तुमाला काय म्हाईत ते काय सांगतील?"

"मी तिथंच होते. कोकरं राखायला." तिने एक श्वास घेतला. "ते माझे वडील आहेत."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. अंजना त्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघत होती. गाडीच्या काचेमागे पाहिलेलं काही तिथे दिसतंय का, ते शोधत होती.

"म्हंजे उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हायची ती..."

"मीच. माझ्याच्यानं आता हा दावा चालवणं व्हायचं नाही. दुसरा वकील बघा, मी ना-हरकत लिहून देते."

"दुसरा कशाला? दावाच सोडतो."

"नऊ महिने भांडून?"

तो टरफलं गोळा करायला लागला. एक एक वेचून पुडीत घालत म्हणाला, "आप्पाराव तिसऱ्याच महिन्यात तडजोडीला आलते. मीच तुमाला बोललो न्हाई."

"का?"

"तडजोड झाली असती तर तारखा बंद झाल्या असत्या."

हे डोक्यात शिरायला तिला जरा वेळ लागला. शिरलं तशी तिच्या कानशिलापर्यंत ऊब चढली, आणि पाठोपाठ राग.

"भारतराव, बाहेर दुष्काळ आहे. संस्थेची छावणी याच माळावर लागणार होती. तुमच्या तारखांपायी तीनशे जनावरं सडकेच्या कडेला उन्हात बांधलीत."

"हे डोक्यातच आलं न्हाई."

"कसं येईल? तुमची शेडमध्ये आहेत."

ती तरातरा निघून गेली. ती संतापली होती आणि आनंदलीही होती, आणि आपण आनंदलो याचाच तिला जास्त संताप आला होता. बाररूममध्ये जाऊन तिने दोन पेले पाणी प्यायलं.

तडजोडपत्र आठ दिवसांत दाखल झालं. निम्मा नाही, सगळा अकरा एकर माळ त्याने संस्थेला लिहून दिला. चौथ्या दिवशी तिथे जनावरांसाठी हिरवी जाळी बांधून झाली. मग तो तिच्या ऑफिसात आला. तिने खुर्ची दाखवली, तरी उभाच राहिला.

"आता मी पक्षकार न्हाई. एक विचारू का?"

"मला नका विचारू."

त्याचं तोंड उतरलं. अंजना फाइलची नाडी बांधत, वर न बघता म्हणाली, "वाडा सध्या कपिलधारच्या अलीकडं आहे. तिथं पाणी आहे तोवर राहील."

तो लहान पोरासारखा खुलला. "असं म्हणा की! मग उद्याच गाडी धाडतो. ड्रायव्हर दोघांनाबी मानानं घेऊन येईल."

अंजनाने मान वर केली. नाडीची गाठ इतकी ओढली की फाइलचा पुठ्ठा वाकला. तो "बरं, निघतो" म्हणून, त्या गाठीकडे एकदा बघून, जिना उतरला, आणि खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाप तसा लेक, ती मनाशी म्हणाली. त्या दिवशी ती लवकर घरी गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाररूममध्ये डबा उघडत होती, तेवढ्यात फोन वाजला. मागे मेंढरांचा कालवा चालला होता.

"अंजे, कामात हायस का?" वडील विचारत होते. "हितं येक मानूस आलाय."

"गाडी घेऊन?"

"गाडी लांब सडकंलाच लावली. ढेकळातनं चालत आलाय, उनानं लालबुंद झालाय निस्ता. बूट काढून घोंगडीवर बसलाय."

अंजनाने डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"मेंढरं बसवाया बोलवतो म्हनतोय. म्या म्हनलं, कोन्या रानात? तर म्हनतो, तुमी म्हनाल त्या. उसाचं म्हना, बागंचं म्हना. आसं कुनी बोलवतं व्हय? न्हवं, ह्यो आलाय कशापायी? इचारलं तर खाली बघतोय." वडिलांनी आवाज खाली केला. "मानूस वंगाळ न्हाई वाटत पर. पानी दिलंय. तुझी आई इचारतीया, च्या टाकू का?"

पलीकडून कोकरू ओरडलं, कुणीतरी त्याला हाकललं.

"अंजे? हायस न्हवं?"

"हाय की आबा," ती म्हणाली. समोरच्या टेबलावरच्या दोन वकिलांनी चमकून वर पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी तिच्या तोंडून असली बोली ऐकली नव्हती. तिने आवाज खाली केला नाही.

"टाका म्हनावं च्या."