डिस्क फिरते, पण दिसत नाही

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आले. पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या, तोवर बारकी दारातच उभी.

"वहिनी, माझं सगळं काम गेलं. ती डिस्कच दिसत नाहीये. तू काल सकाळी काहीतरी फॉरमॅट करत होतीस ना? मी बघितलं."

बारकी म्हणजे माझी नणंद. पस्तिशी उलटली तरी घरात ती बारकीच. एका आर्किटेक्टकडे घरांचे आतले नकाशे काढायची. ते ऑफिस बंद पडलं आणि ती "दोनच आठवडे" म्हणून आमच्याकडे आली, त्याला चार महिने झाले. सोमवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्या शहरात तिची मुलाखत होती. तिथे वीस नवे नकाशे दाखवायचे होते, आणि ते ती रोज दुपारी दार लावून माझ्या कॉम्प्युटरवर काढत होती. आता उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही, ती नोकरी तिला मिळावी असं तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. बैठकीच्या खोलीतली तिची गादी, न्हाणीघरातल्या तिच्या सात बाटल्या, सगळं माझ्या डोळ्यासमोरून हलायला हवं होतं.

"मी नवी डिस्क फॉरमॅट केली," मी म्हटलं. "तुझ्या डिस्कला हातसुद्धा लावला नाही."

"मग कुठे गेली? पाय फुटले तिला?"

हा कॉम्प्युटर माझा आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना तो नवऱ्याचा वाटतो. गेम मी खेळते. एकेक भाग विकत आणून, पाठीत उसण भरेपर्यंत वाकून मी तो जोडलाय. आत तीन डिस्का होत्या आणि तिन्हींवर चिकटपट्टीचं लेबल: 'सिस्टीम', 'खेळ' आणि 'घर'. 'घर' सगळ्यात जुनी, गरगर फिरणारी, अर्ध्या विटेएवढी जड. तिच्यावर आमचे फोटो आणि बारकीचं फोल्डर. फोटोंची दुसरी प्रत माझ्याकडे होती. बारकीच्या कामाची नव्हती, कारण आली त्या दिवशीच तिने बजावलं होतं, "वहिनी, माझ्या फोल्डरमध्ये डोकवायचं नाही हं." मी शब्द दिला होता आणि पाळलाही होता. नव्या गेमला जागा पुरेना, म्हणून गुरुवारी सकाळी मी चौथी डिस्क बसवली. नवी, च्युइंगमच्या पट्टीएवढी, थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी. ती दिसली, फॉरमॅट केली, झाकण लावलं आणि पळत ऑफिस गाठलं.

आता माझा धंदा ऐका. मी विमा कंपनीत गाड्यांचे दावे तपासते. उभ्या गाडीला मागून कुणीतरी ठोकलं म्हणणारे, आणि चेपलेला भाग पुढचा! दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात आणि मी ते शोधून काढते. पद्धत साधी आहे. माणसांना वेगवेगळं बसवायचं आणि एकच प्रश्न तीनदा विचारायचा.

पहिला नवरा. त्याला स्वयंपाकघरात गाठला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, धुळीचा त्याला जन्माचा तिटकारा.

"कॉम्प्युटरला हात लावलास?"

"नाही."

"लावलास का?"

"मी कशाला लावू?"

"लावलास."

"अगं, नुसता ब्रश मारला. काल सकाळी, तू गेल्यावर. केवढी धूळ होती आत!"

"आणि सांगितलं का नाहीस?"

"तू ओरडतेस म्हणून."

मी ओरडले. मनात म्हटलं, सापडला चोर. ब्रशने वायर हलली असणार. की हलवली? बहीण घरातून जाणार म्हणून आठवडाभर याचा चेहरा पडलेला. रोज संध्याकाळी दोघं बहीणभाऊ शाळेतल्या गोष्टी काढून खिदळायचे. त्याला ती जायला नकोच होती. एवढा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, आणि तेवढ्यात तोच म्हणाला, "तुझ्याकडून चुकून तर तिची डिस्क पुसली गेली नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"हो म्हटलं ना!"

"की... चुकून नाही?" त्याने खाली बघून विचारलं. "ती तुला घरात नकोय, हे कळतं मला."

अकरा वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर असा संशय पहिल्यांदा घेतला. माझी पद्धत माझ्यावरच! मी म्हटलं, "शहाण्या, ती जावी असं मला वाटतं, तर तिचे नकाशे मी पुसेन कशाला?" तर म्हणे, "रागात माणूस विचार करतो का?" इतकं लागलं मला ते. पोळ्या तशाच टाकून मी आत गेले. आणि सगळ्यात वाईट काय, तर पडल्या पडल्या मी स्वतःच आठवत बसले. फॉरमॅटची खिडकी उघडली तेव्हा यादीत किती नावं होती? नवी डिस्क निवडली ती नक्की नवीच होती ना? घाईत होते. दुसऱ्याला तीनदा विचारणं सोपं असतं.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर कॉम्प्युटर टेबलावर आडवा घातला. बारकी दारात, हाताची घडी घालून. नवरा तिच्या मागे. पहारा बसवल्यासारखी दोघं बघत होती.

"तुमच्यासमोर उघडते," मी म्हटलं. "कर नाही त्याला डर कशाला!"

पण डर होती.

आधी सेटिंगमध्ये बघितलं. 'सिस्टीम' आहे, 'खेळ' आहे, नवी आहे. 'घर' नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली आणि जिवात जीव आला. फॉरमॅट केलेली डिस्क रिकामी दिसते, नाहीशी होत नाही. म्हणजे मी पुसली नव्हती. हे मी मोठ्याने सांगितलं. बारकी म्हणाली, "तसं तू म्हणतेस."

मग वायर. ब्रशवाल्याकडे एक जळजळीत नजर टाकून मी ती काढली, पुन्हा घट्ट बसवली. नाही. वायरच बदलली. नाही. मग चालू कॉम्प्युटरमध्ये हात घालून 'घर'च्या पाठीवर तळवा टेकवला. थरथरत होती. वीज पोचत होती, आतली चकती फिरत होती, जुनी असली तरी धडधाकट होती. फिरते आहे, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. तासभर मी डोकं खाजवत होते. कंटाळून दोघंही पांगली.

शेवटी मदरबोर्डचं पुस्तक काढलं. जोडताना माझ्यासारखी हुशार बाई पुस्तक वाचत नसते. एकविसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात एक टीप होती. दुसऱ्या खाचेत पट्टीची डिस्क बसवली, तर पाच आणि सहा नंबरची, डिस्कची वायर खोचायची सॉकेटं आपोआप बंद होतात. नवी मी त्याच खाचेत बसवली होती, आणि 'घर' पाचव्या सॉकेटवर होती. नवी आत आली आणि तिने जुनीचं दार बंद केलं. ना ब्रशने, ना बारकीने, ना भुताने. मीच केलं होतं, आणि कालपासून घरभर चोर शोधत फिरत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वायर पाचवरून काढून दोनवर लावली. कॉम्प्युटर सुरू केला. 'घर' आली.

आता मी जे केलं ते मला शोभलं नाही, पण केलं. बारकीचं फोल्डर उघडलं. स्वतःला सांगितलं, नकाशे शाबूत आहेत ना, तेवढंच बघते.

आत एक फाइल होती. 'नकाशा १'. तारीख चार महिन्यांपूर्वीची, ती आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. उघडली तर चार रेघा, एक चौकोन, त्याला दारसुद्धा नाही. आणि शेजारी एक छोटासा गेम. पत्त्यांचा, एकट्याने लावायचा. त्याची नोंद रोजची होती, डिस्क दिसेनाशी व्हायच्या आदल्या दिवसापर्यंतची, बुधवारपर्यंतची. खेळलेले डाव दोन हजार एकशे चाळीस. जिंकलेले, तीनशे अकरा.

पहिला विचार माझ्यातल्या गेमरचा आला. एवढ्या महागड्या ग्राफिक कार्डावर पत्ते? दुसरा विचार यायच्या आत बारकी दारात आली.

"सापडली?"

"सापडली."

आनंदाने उडी मारायला हवी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "फोल्डर उघडलंस?"

"उघडलं."

ती तिथेच जमिनीवर बसली. मी दार लोटून घेतलं.

"डिस्क गेली ना वहिनी, तेव्हा बरं वाटलं मला. वाटलं, सुटले. आता कुणी नकाशे मागणार नाही."

"आणि बोंब माझ्या नावाने ठोकलीस?"

"कुणाच्या तरी नावाने ठोकायला हवीच होती."

एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ती खालमानेने बोलतच राहिली. "पान उघडते रोज. पहिली रेघ काढायला जाते आणि वाटतं, हे बघून हसतील लोक. ऑफिस बंद पडलं तेव्हा साहेब म्हणाले होते, तुझं काम जुनं झालं. मग एक डाव लावते. मग दुसरा. मग तुझी यायची वेळ होते."

तेवढ्यात नवरा आलाच. "लागली का गं?"

माझ्या हाताखाली माउस होता, मागे फोल्डर उघडं होतं. पुरावा म्हणजे असा, की ऑफिसात हार घातला असता मला. तो मला काय काय बोलला होता, ते सगळं एका बोटाने त्याच्या पदरात परत टाकता आलं असतं. आणि टाकायचं होतं. मला देवमाणूस समजू नका.

"माझीच चूक," मी म्हटलं. "नवी डिस्क लावली म्हणून जुनीचं सॉकेट बंद पडलं. तुझ्या ब्रशचा दोष नाही."

"आणि हिचं काम?"

मी बारकीकडे बघितलं. ते उत्तर माझं नव्हतं.

"आहे, दादा," बारकी म्हणाली. "सगळं आहे."

"दाखव की मग!"

मी खिडकी बंद केली. बारा वर्षांच्या नोकरीत मी बनावट दाव्यावर कधी सही केली नव्हती, ती त्या दिवशी घरात केली. "सोमवारनंतर बघ," म्हटलं. "आता तिला काम करू दे."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुला नको ते बोललो," म्हणाला. या माफीची मी आदल्या संध्याकाळपासून वाट बघत होते, आणि आता ती घ्यायची लाज वाटत होती. तो गेल्यावर मी पत्त्यांचा गेम काढून टाकला आणि बारकीला खुर्चीत बसवलं.

"वीस नाही, पाच काढ. दीड दिवस आहे. नाही काढलेस, तर सोमवारी मी स्वतः दादाला सांगेन."

ती मान हलवून बसली. मी बाहेर आले, दार लावलं. तासभर मन मारून कपडे आवरले, मग राहवेना. पाय न वाजवता गेले आणि दाराला कान लावला. खेळणाऱ्याचा माउस मी झोपेतही ओळखेन. पण आतून येत होतं ते एक टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक टिक. नकाशा काढतानाही असंच वाजतं आणि पत्ते लावतानाही असंच. काही म्हणजे काही कळेना. हात दाराच्या कडीवर गेला.

"वहिनी," आतून आवाज आला, "दाराखालून तुझे पाय दिसताहेत."

"पाणी हवंय का विचारायला आले होते."

"तपासायला आलीस."

"हो," मी म्हटलं. "तपासायला आले."

"मग आत ये ना. एकटीला जमत नाहीये गं मला."

आत गेले. स्क्रीनवर अर्ध्या भागात पांढरं पान होतं, एकही रेघ नसलेलं. उरलेल्या अर्ध्या भागात पत्त्यांचा डाव मांडलेला. मी काढून टाकलेला गेम तिने पुन्हा डाउनलोड केला होता, आणि माझे पाय दिसल्यावरही तो बंद केला नव्हता.

मी स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसले.