निष्पाप रुमाल

सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांत चढून बसले. समोर मखमली आसनावर दिवामहाराज, आणि त्यांच्या हातात एक बल्ब. ना वायर, ना होल्डर. महाराजांनी बल्बच्या बुडाशी मूठ आवळली आणि तो लख्ख पेटला. सगळ्या हॉलने आ वासला.

"तुमचे दिवे विजेवर जळतात," महाराज गरजले, "हा सत्यावर जळतो! निष्पापाच्या हातात पेटेल, चोराच्या हातात मरेल. याला बिल नाही, याला फ्यूज नाही, याच्यापासून सुटका नाही!"

सत्यावर जळणारा दिवा महाराजांच्या हातात पेटलाच कसा, हा विचार करायला गर्दीत कुणाला सवड होती?

झालं होतं असं, की सोसायटीची पाण्याची मोटर गायब झाली होती आणि चिटणीसांनी पोलिसांऐवजी महाराजांना बोलावलं होतं. एकेक जण पुढे येऊन बल्ब धरत होता. चिटणीसांच्या हातात तर तो असा पेटला की टाळ्या पडल्या. शेवटी आला जिन्याला गिलावा करणारा गवंडी. त्याने बल्ब धरला. बल्ब ढिम्म. त्याने पुन्हा धरला, घट्ट धरला, कसनुसा हसला. छे!

"रविवारपर्यंत मोटर आणून ठेव," चिटणीस म्हणाले, "नाहीतर या भागात तुला कुणी थापी हातात धरू देणार नाही."

हे सगळं मी पाहिलं ते मोबाइलवर. मी लिफ्टचा निवृत्त इंजिनीयर. 'घरात बसून माझं डोकं खाऊ नका,' असं बायकोने बजावल्यापासून मी 'असं का होतं?' नावाचा ऑनलाइन गट चालवतो. फ्रीजचं दार लावल्यावर लगेच का उघडत नाही, लिफ्ट खाली सुटताना पोटात गोळा का येतो, असलं काहीही लोक विचारतात आणि आम्ही उत्तरं देतो. तिथे हा व्हिडिओ आला. टाकणारी त्या गवंड्याची मुलगी, कपडे शिवणारी. खाली तिने लिहिलं होतं, "अण्णांच्या हातात बल्ब पेटला नाही. ते चोर आहेत का?"

विज्ञानाच्या गटावर असा प्रश्न मी कधी वाचला नव्हता. मला गलबलून आलं.

पण आम्ही पडलो विद्वान! प्राध्यापकांनी चुंबकीय क्षेत्रावर निबंध लिहिला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना आसनाखाली यंत्र दिसलं. मी तारेच्या गुंडाळीचं चित्र काढलं. तिघांची चांगलीच जुंपली. आमच्या गटाचा नियम आहे, आधी करून बघा, मग बोला. तो कुणालाच आठवेना. शेवटी जिला सगळे कुकरकाकू म्हणतात ती सभासद कडाडली, "अहो पंडितहो, लाइट गेल्यावर लागणारे बॅटरीचे बल्ब बाजारात मिळतात. एक हातात धरून तर बघा!"

आमच्या स्वयंपाकघरातच तसला बल्ब होता. बटण बंद करून काढला. माझ्या हातात पेटला. बायको नुकतीच पीठ चाळून उठली होती, तिच्या हातात पेटेना.

"घ्या! इतकी वर्षं चोरणीशी संसार केलात," ती म्हणाली.

"जरा हात धुऊन ये बघू."

ती हात धुऊन आली आणि बल्ब लख्ख पेटला! मी लगेच मुलीला विचारलं, "अण्णांचे हात कसे आहेत?"

"सिमेंटने खरखरीत झालेत. कोरडे ठणठणीत."

"मग रविवारी ओला रुमाल आणि पावडरचा डबा घेऊन जा."

रविवारी हॉलमध्ये महाराज पुन्हा आसनावर विराजमान होते. मुलीने फोन चालू ठेवला. आम्ही सगळे आपापल्या घरी श्वास रोखून बघत होतो.

"महाराज," ती म्हणाली, "या रुमालावर माझा संशय आहे. परीक्षा घ्या." महाराजांनी तोंड उघडायच्या आत तिने बल्बच्या बुडाला ओला रुमाल गुंडाळला. बल्ब पेटला. "रुमाल निष्पाप आहे!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं आणि हॉल खदखदून हसला. मग अण्णांनी त्याच रुमालाने तळवे ओले केले आणि बल्ब धरला. उजेड थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडला. अण्णांचे डोळे भरून आले.

"आता तुम्ही," मुलीने पावडरचा डबा पुढे केला. "हात कोरडे पुसा, ही लावा आणि धरा."

"दैवी शक्तीला पावडर चालत नाही!"

"का? घामोळं येतं तिला?" पुन्हा खिडकी.

मुलीने बल्ब उलटा करून सगळ्यांना दाखवला. "याच्या आत बॅटरी आहे. बुडाचा हा ठिपका आणि ही धातूची कड, दोन्हींना ओलसर कातडी लागली की त्यातून नावापुरती वीज वाहते आणि बल्ब पेटतो. कोरड्या हातातून वाहत नाही. घाबरलेल्याला घाम फुटतो. म्हणजे खऱ्या चोराच्या हातात हा आधी पेटेल!"

सगळ्यांच्या माना चिटणीसांकडे वळल्या. चिटणीसांनी हात खिशात घातले.

तेवढ्यात दारातला वॉचमन म्हणाला, "मोटर ना? ती दुरुस्तीला, रिवाइंडिंगच्या दुकानात आहे. चिटणीससाहेबांनीच फोन करून पाठवायला सांगितली होती."

चिटणीसांनी कपाळावर हात मारला. "अरे, मग तू बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे बल्बला विचारत होते."

या गडबडीत महाराज मागच्या दाराने पसार झाले. बल्ब तिथेच राहिला. चिटणीसांनी भरल्या हॉलमध्ये अण्णांची हात जोडून माफी मागितली, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

मंडळी, तुमच्यासमोर कुणी चमत्कार केला तर टाळी वाजवण्याआधी तोच प्रकार ओल्या हाताने करून बघा, कोरड्या हाताने करून बघा. माणसाची अब्रू बल्बच्या बुडाशी टांगू नका. आणि वॉचमनला विचारायला लाजू नका.

त्याच संध्याकाळी मुलीच्या खात्यावरून आमच्या गटावर नवा प्रश्न आला. खाली लिहिलं होतं, 'अण्णा विचारतायत.'

"जन्मभर गिलाव्यावर पाणी मारत आलो. सगळे मारतात म्हणून मारतो. पण का मारायचं, ते सांगाल का?"