कललेल्या बुटाचा पायगुण

मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे. उजवा. मित्रांनो, माझ्याकडून उत्साहाची अपेक्षा करू नका; मी फार दमलो आहे.

माझा मालक काशिफ कोल्हापुरात घरोघरी फरशी बसवतो आणि सुट्टीला आपल्या पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्याचे पाय फेंगडे. सगळा भार बाहेरच्या कडेवर पडायचा, म्हणून माझा तळ त्या बाजूने झिजत गेला. तरी मला घालून त्याने अंतिम सामन्यात गोल मारला आणि पेठेत एकच गवगवा झाला, "ह्या बुटाचा पायगुण हाय की!" मीही फुगलो. हरलेल्या सामन्यांतही पायात मीच होतो, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढे काशिफचा उजवा गुडघा आतल्या बाजूने झिजला. उकिडवं बसून फरशी लावणं होईना. डॉक्टरांनी गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ केला, धातूची पट्टी बसवली. मी खुंटीवर लटकलो. नुसतं लटकूनही थकवा येतो, हे मला तेव्हा कळलं.

काशिफ आधी कुबड्या घेऊन चालला, मग काठी घेऊन. मग बुटक्या स्टुलावर बसून फरशी लावू लागला. शेवटी डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली आणि नवे बूट घ्यायला बजावलं. पण पायगुणावर भरवसा ठेवून काशिफने मलाच चढवलं. मला कोण आनंद झाला!

सरावाहून तो लंगडतच आला. "ऑपरेशन वाया गेलं. खेळ बी गेला, आता काम बी जाणार," म्हणत उंबऱ्यावर बसला. त्याचा चेहरा मला बघवेना.

त्याची बायको हुस्ना हिने मला उचलून घरातल्या फरशीवर ठेवलं. मी बाहेरच्या अंगाला कललो.

"अवं, ही फरशी तुमीच बसवलीया न्हवं? सपाट हाय का न्हाय?"

"माझी फरशी! सपाटच असणार की."

"मग ह्यो का कलतुय?"

काशिफने मला उलटून झिजलेला तळ बघितला. सरळ केलेल्या पायाला मी पुन्हा जुन्या वाकड्या वळणावर ढकलत होतो.

"पायगुण पायाचा असतुया, बुटाचा न्हवं," हुस्ना म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं, पट्टी जागेवर होती. आता काशिफ नवे बूट घालून खेळतो, कामालाही जातो. मी पुन्हा खुंटीवर आहे, कारण मला टाकून द्यायला त्याचा हात धजत नाही.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांत आत्मकथा सांगणारे माझे भाईबंद तुम्हाला सांगतात, जुन्या वस्तू जपा. माझी विनंती उलटी आहे. मला भंगारात द्या. एखाद्या अटीतटीच्या सामन्याआधी पायगुण आठवून तो मला पुन्हा पायात घालेल, या धास्तीने माझा डोळा लागत नाही.