पेगमावशीने रवी धरली

मित्रांनो, आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यातल्या एका गोठ्यात उभा असलेला मी एक जुना लाकडी डेरा आहे. माझ्यात साय घुसळून लोणी काढत. डेलिया लग्न होऊन या घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर मीही आलो.

पहिल्याच वसंतात लोणी निघेना. सासूबाई, होनोरा, म्हणाल्या, "ओढ्यापलीकडची ती पेग मंत्र घालून लोणी पळवतेय." म्हणून त्यांनी मला दारात, मंत्र अडावा म्हणून वर ठोकलेल्या घोड्याच्या नालेखाली आणून ठेवलं. तरी तीन आठवडे नुसता फेस.

मे महिन्याचा पहिला दिवस उजाडला. नजर लागू नये म्हणून उंबऱ्यावर पिवळी फुलं टाकली होती. या दिवशी घरातून विस्तव, मीठ, दूध बाहेर गेलं की वर्षाची बरकत गेली, असं मानतात. डेलिया पहाटेपासून घुसळत होती. तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात दारात पेगमावशी.

"देव कामाला यश देवो," मावशी म्हणाली.

घुसळण चालू असताना आलेल्याने हात लावायचाच, ही आमच्याकडची रीत.

"तिला शिवू देऊ नकोस," होनोरा कुजबुजल्या.

"आई, रीत सगळ्यांना सारखी. या मावशी, धरा रवी."

मावशीने आधी माझ्या पोटावर हात ठेवला. "अगं पोरी, साय गारठलीय. वाऱ्यात कुणी ठेवलं याला? चुलीपाशी घे की."

चुलीची ऊब लागली. दोघी आळीपाळीने घुसळत राहिल्या. हळूहळू रवी जड झाली आणि माझ्या पोटात पिवळे कण तरंगले. काय सांगू तो आनंद.

"पळवलेलं परत आणलंन," होनोरा पुटपुटल्या.

"मग हमाली द्या. भांडंभर ताक," मावशी हसली.

"आज घराबाहेर काही जायचं नाही." होनोरांनी स्टूल पुढे सरकवलं. "इथंच बसून पी."

मावशी संध्याकाळपर्यंत बसली. पुढे दर घुसळणीला तिची वाट आधी होनोराच बघायच्या.

मग गावात डेअरी आली आणि मी गोठ्यात गेलो. आता माझ्यात कोंबडी अंडी घालते, तिची कुरकुर मला आवडते. पण मित्रांनो, कोरडं पडलं की आमच्या फळ्या आकसतात, एकमेकींना सोडतात. असा जुना डेरा दिसला, तर त्यात बादलीभर पाणी ओता. तेवढ्यानंही त्या फुगून पुन्हा एकमेकींना घट्ट धरतात.