आठ फुटी पक्ष्याला हळदकुंकू

१९९४ साली नेरूळच्या सोसायटीत गणपतीचा देखावा विज्ञानाचाच होणार, असा हट्ट धरून जयप्रकाश कर्णिकांनी पंधरा दिवस खपून थर्माकोलचा आठ फुटी फोरुस्राकोस उभा केला. खाली पाटी लावली : ‘लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला, न उडणारा, मांसाहारी पक्षी.’

पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या, साताऱ्याकडच्या राहीबाईंनी त्याच्या चोचीला हळदकुंकू लावलं.

“अहो मावशी, देव नाही तो! जनावरं फाडून खायचा!” कर्णिक कडाडले.

“म्हून तर,” राहीबाई म्हणाल्या. “असल्याला नाराज कोन करनार?”

मग अख्खी बिल्डिंगच कुंकू लावू लागली. चोच लालभडक झाली, पक्षी नुकताच जेवून उठल्यासारखा दिसू लागला आणि कर्णिकांचं डोकं रोज नव्याने तापू लागलं.

विसर्जनाच्या दिवशी मूर्तीबरोबर ही ब्यादही सारसोळ्याच्या खाडीत सोडायची, म्हणून त्यांनी पक्षी टेम्पोत चढवला. राहीबाई आडव्या आल्या.

“समदे मेले म्हंता नव्हं? ह्यो एकलाच ऱ्हायलाय. त्योबी बुडवताय व्हय?”

 कर्णिकांनी स्वतःच पक्ष्याचे पाय धरून त्याला अलगद खाली उतरवलं.