तेजःपुंज पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे मालवलेले, व्यासपीठावर भोवती कापड लावलेलं टेबल आणि टेबलावर पाण्याची बाटली. महाराजांनी बाटलीकडे एकटक पाहिलं आणि पाणी हिरवंगार उजळलं. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"क्वांटमला मराठीत काय म्हणतात? पुंज," महाराज माइकवर म्हणाले. "मग हे पाणी कसं झालं? तेजःपुंज. विज्ञान आज जिथं धापा टाकत पोचतंय, तिथं आम्ही केव्हाचे मांडी घालून बसलोय. रोज एक पेला घ्या, गोळ्याबिळ्या बंद."

शेवटच्या रांगेत भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक चरफडत बसले होते. मागच्याच आठवड्यात याच सभागृहात त्यांनी मॅक्स प्लांक यांच्या स्मरणार्थ व्याख्यान दिलं होतं. श्रोते मोजके, त्यातला एक पंखे बंद करायला आलेला. पहिल्या रांगेत बायको होती, पण ती दुसऱ्याच समीकरणाला झोपली. आज ती तिथंच टक्क जागी होती. महाराजांच्या नादानं तिनं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि प्राध्यापकांच्या जिवाला घोर लागला होता. मत्सरही होता, नाही असं नाही.

ते उठले. "तरंगफलनाचा विचार करता..."

"बसा हो काका," कुणीतरी म्हणालं. बायकोनं मागं वळून डोळे वटारले.

प्राध्यापक खाली बसणारच होते, तेवढ्यात त्यांना अंधारात महाराजांच्या पांढऱ्या सदऱ्याचा घोळ निळसर चमकताना दिसला.

"महाराज, तुमचा सदराही तेजःपुंज झालाय. तो पिळून प्यायचा का?"

पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला सभागृह हसलं. त्या हुरूपात ते व्यासपीठावर चढले आणि टेबलाभोवतीचं कापड ओढलं. बाटलीच्या बुडाखाली फळीला भोक, भोकाखाली जांभळा दिवा, आणि दिव्याचं बटण महाराजांच्या पायाच्या अंगठ्याखाली. महाराज 'ऊर्जेत अडथळा आला' असं पुटपुटत पडद्याआड गेले.

"पण पाणी हिरवं कशानं झालं?" बायकोनं विचारलं.

समीकरण प्राध्यापकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पाण्यात रंग घातलाय. आता उंच फडताळ डोळ्यांपुढं आण. लहान मुलं कितीही आली तरी एकाचाही हात वर पोचत नाही, उंच माणूस एकटाच डबा काढतो. प्रकाश असाच सुट्या पुंजांनी येतो. तांबड्याचे पुंज बुटके, कितीही ओता, हा रंग उजळत नाही. या दिव्यातून जांभळ्यापलीकडचाही प्रकाश येतो; तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा पुंज उंच. तो रंगाला पोचतो आणि रंग हिरवा उजेड टाकतो. कपडे धुण्याच्या पावडरीतही असंच काहीतरी असतं, म्हणून सदरा चमकला."

"हे मागच्या आठवड्यात असं का नाही सांगितलंत?"

प्राध्यापक लोकांकडे वळले. "पुंजांची कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्या प्लांकना स्वतःचाच शोध पटत नव्हता. त्यातून सुटायची वाट ते कित्येक वर्षं शोधत राहिले. इतक्या मोठ्या माणसानं स्वतःवर शंका घेतली, तर आपण महाराजांवर घ्यायला काय हरकत आहे? कापड उचलून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका."

घरी बायकोनं गोळी काढली, पेला भरला, आणि तोंडाला लावण्याआधी स्वयंपाकघरातला दिवा मालवला.

"काय गं?"

"चमकत नाही ना, बघतेय," ती म्हणाली आणि गोळी घेतली.